पिशवी काढलीये

८ जानेवारी २०२५

पहाटे रजई भिरकावली ती थेट मधुसूदनच्या तोंडावर. तो बिचारा कानटोपी घालून दोन रजयांखाली, आणि मी गच्चीत, सुती साडीत. धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दिसत नव्हता. पदर ओला, मानेवरून घाम ओघळतोय. ग्वाल्हेरच्या जानेवारीत घाम! हा मान अख्ख्या गावात मला एकटीलाच असावा.

शाळेत याहून वाईट. बारावीच्या मुलींसमोर शिकवता शिकवता शब्दच गेला. जांभळे खडे, पाण्यात टाकले की रंग सुटतो — बाटली डोळ्यांसमोर, नाव नाही. उभं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, आणि हे! पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितलं, "मॅम, पोटॅशियम परमँगनेट." मागे खुसखुस. मी ओरडले, तेही जिने मदत केली तिच्यावरच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

घरी आल्यावर राहिलेला राग सोनिकावर. चहा गार होता म्हणून. लेक शांतपणे म्हणाली, "आई, ये तुम नहीं हो. खरंच सांगतेय. किसी अच्छे डॉक्टर को दाखव ना." अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत — तिचं नेहमीचंच.

बावन्न वर्षांची झाले. पाळी जाऊन तीन वर्षं होत आली. सगळ्या म्हणतात, सुटलीस. काय सुटले? माझं डोकंच माझ्या हातून सुटत चाललंय.


११ जानेवारी

गेले एकदाची. डॉ. राजलक्ष्मी, सिटी सेंटरला, सोनिकाच्या ऑफिसच्या रस्त्यावरच दवाखाना. नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून आलीये. मराठी डॉक्टरीण! आधीच्या दवाखान्यात "महीना कब से बंद है, अम्मा?" असं विचारलं होतं. अम्मा! परत तिकडे फिरकले नाही. शिवाय या गोष्टी हिंदीत सांगायच्या म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. बच्चेदानी म्हणे. पीकदाणी, अत्तरदाणी, बच्चेदानी!

मी मराठीत सुरू केलं तर बाई खूश. "ग्वाल्हेरला इतकी छान मराठी!" मग हसून — "जराशी हिंदीच्या अंगाने जाते, पण गोड आहे." जराशी हिंदीच्या अंगाने! आमचे पूर्वज दरबारची दप्तरं सांभाळायला इकडे आले तेव्हापासूनची आहे, बाई. तुमच्याहून जुनी निघेल. पण बोलले नाही. मनातून बरंच वाटत होतं.

सगळं सांगितलं. घाम, झोप, धडधड, शब्द हरवणं. आणि मधुसूदनचंही सांगितलं, टेबलाकडे बघत. "नको वाटत नाही हो, दुखतं." ती म्हणाली, "कोरडेपणा येतो. खूप जणींना येतो. त्यालाही उपाय आहे." इतकं सोपं! मी किती दिवस पाठ करून झोपतेय आणि त्या माणसाला वाटतंय मी रुसलेय.

विचारलं, ऑपरेशन काही झालंय?

"पिशवी काढलीये. तीन वर्षांपूर्वी, दुर्बिणीने."

"आणि पाळी?"

"त्याच वर्षी गेली."

"हो, साहजिक आहे." लिहून घेतलं. कागद मागितले, ते घर रंगवताना कुठे गेले देव जाणे. "असू दे. पिशवी नाही हे एक बरंय. मग एकच हार्मोन पुरतं. जेल देईन, मांडीला चोळायचं."

मी माझी यादी काढली. कॅन्सर होतो का? म्हणाली, "ज्यांना छातीचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात रक्ताची गुठळी झालीये, लिव्हर खराब आहे, त्यांना मी देत नाही. बाकीच्यांना तपासून देते. साठीच्या आत, पाळी जाऊन फार वर्षं झाली नसतील, तर त्रास असलेल्या बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त." जन्मभर घ्यायचं? "नाही. दरवर्षी बसून ठरवायचं." वजन? "ते वयाने वाढतं हो, उगीच औषधावर ढकलतात."

आधी मॅमोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. मग जेल. दवाखान्यातून बाहेर पडले तर चालण्यात जोर होता. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, आणि आपल्या भाषेत ऐकून घेतलं.


१६ जानेवारी

ताईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. खासगी बाजारची गल्ली बायकांनी भरून गेलेली. सुधाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. भावजी गेल्यापासून ती स्वतः कुंकू लावत नाही, पण हळदीकुंकू सुनेकडून थाटात करवते. देखरेख हिची. वाण काय द्यायचं तेसुद्धा हिच्याच मर्जीने.

विषय निघालाच. मी काढला नाही हं. कुणीतरी म्हणालं, जावेने हार्मोन घेतले आणि तिचं अंग सुजलं. दुसरी म्हणाली, मिशा फुटतात. तिसरी — "अहो, आपल्या आया-आज्यांनी कुठे घेतलं? त्या काय मेल्या?" (मेल्याच की. पण ते असो.) एकीने हळूच विचारलं, झोप येते का हो त्याने? तिच्या हातावर कुणीतरी तिळगूळ ठेवला.

मग ताई. "अंगात सरलेली गोष्ट परत आणायची नाही. रक्त सुरू होतं. मग कॅन्सर. पक्कं." इतक्या जोरात म्हणाली! ताई डॉक्टर नाही, पण ताई बोलली की आमच्या घरात तो कायदा.

तिळगूळ घेतला, गोड बोलले. माझ्या पर्समध्ये मॅमोग्राफीचा रिपोर्ट होता — नॉर्मल. तिला सांगितलं नाही.


२० जानेवारी

जेल आणलं. कपाटात ठेवलंय. उघडलं नाही.


२१ जानेवारी

वर्गात परत शब्द गेला. आल्या आल्या ट्यूब उघडली. पाण्यासारखं, थंडगार. एवढ्यासाठी इतकी भीती!


९ फेब्रुवारी

झोपले. सलग! सकाळी मधुसूदन चहाचा कप घेऊन उभा — "तबियत ठीक आहे ना? उठली नाहीस म्हणून विचारतोय." त्याला काय सांगू, की मी वर्षभरात पहिल्यांदाच झोपले.

प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकाने मला दोनदा अडवलं, दोन्ही वेळा मी त्याला गप्प केलं. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावून सॉरी म्हटलं. ती इतकी लाजली की तिच्या हातून टेस्ट ट्यूब फुटली.


२ मार्च

मधुसूदनला सांगितलं. जेलचं, आणि दुसरंही — की मी रुसले नव्हते. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला आता माझा कंटाळा आला." सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. मी रडले, तोही थोडा. पुढचं इथे लिहायची गरज नाही. छान आहे सगळं.

ताईला सांगू नकोस, म्हटलं. "मी कशाला मरायला सांगतोय," म्हणाला.


३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारायची म्हणून पहाटे नहायला गेले. रक्त.

आधी वाटलं, कुठे कापलं असेल. मग कळलं. पाळी येते तसं, थोडं, पण तसंच. मोरीत उभी राहिले. बाहेर मधुसूदन हाका मारतोय — काठी धुतली, साडी कुठली नेसवायची?

बच्चेदानीतूनच येतंय, दुसरीकडून कुठून येणार. तीन वर्षं गप्प होती. आता बोलायला लागली.

गुढीला हात लावू की नको, तेही कळेना. आमच्याकडे आता कुणी पाळत नाही. पण मी मागे उभी राहिले. सोनिकाने सगळं केलं. कडुलिंबाची पानं खाल्ली, ती कडू लागलीच नाहीत.

ताईचेच शब्द कानात. रक्त सुरू होतं. मग कॅन्सर.


३१ मार्च

आहे अजून.


१ एप्रिल

थांबलं! उगीच घाबरले. कुणाला काही सांगायचं नाही.


३ एप्रिल

परत. आधीच्याहून जास्त.

डॉक्टरणीला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. ती काय म्हणेल ते ऐकायचं नाहीये. शास्त्र शिकवणारी बाई! वर्गात मुलींना सांगते — निरीक्षण टाळू नका, निष्कर्ष आवडो न आवडो.


५ एप्रिल

नाही राहवलं. ताईकडे गेले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. जेल, झोप, रक्त. वाटलं होतं, ओरडेल. ओरडली नाही. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. लाल जातं की काळपट? गाठी पडतात? ओटीपोटात दुखतं का? रोज जातं की मध्ये थांबतं? मी म्हटलं, ताई, तू काय डॉक्टर आहेस? तर म्हणाली, "तू सांग ना. विचारतेय ते सांग."

मग हात गच्च धरला. "मी तुला बोलले होते. फेक ते. आजच्या आज. तू माझी मान, शामे. औषध बंद झालं की रक्तही बंद होईल. डॉक्टरकडे जाशील तर ते कापाकापी करतील. फिर कुछ भी निकालेंगे."

ट्यूब घरी येऊन रद्दीच्या डब्यात टाकली. खाली दाबून, सोनिकाला दिसू नये म्हणून.


९ एप्रिल

रक्त थांबलं नाही. उलट घाम परत आला, झोप गेली. दोन्हीकडून मार! औषध होतं तेव्हा निदान शहाणी तरी होते. आता भीतीही मोठी आणि ती पेलायला डोकं ठिकाणावर नाही.

मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते ते आज लिहून टाकते. मरणाची नाही — म्हणजे, तीही आहेच. पण त्याआधीची. हे दोन महिने मी सुखात होते, आणि त्या सुखाचीच शिक्षा म्हणून हे झालं असेल तर? बाई, तुला झोप पाहिजे होती ना, नवरा पाहिजे होता ना — घे. असं कुणी म्हणणार नाही. ताईसुद्धा. पण मी म्हणतेय.


१० एप्रिल

सोनिकाला सापडली ट्यूब. रद्दीचा डबा उपसला म्हणून. "ये क्या है आई? आणि फेकलीस का?" सांगावंच लागलं. ती पांढरीफटक पडली, मग भडकली. "बारा दिवस! बारा दिन से ब्लीडिंग आणि तू मावशीला विचारलंस? डॉक्टरला नाही?" फोन माझ्या हातातून घेऊन तिनेच वेळ ठरवली. उद्याची.

माझी आई झालीये ही. तिच्या आवाजात मी ऐकू आले मला. चांगली मी.


११ एप्रिल

आजचं सगळं जसंच्या तसं लिहिते.

सोनिका बाहेर बसली. मी आत. सांगितलं — पाडव्यापासून रक्त जातंय.

डॉक्टरणीने कपाळाला आठी घातली. "कुठून? लघवीतून?"

"नाही."

"मागून? मूळव्याध वगैरे?"

"नाही हो. जिथून जातं तिथूनच. पाळीसारखं."

तिने पेन खाली ठेवलं. "शामलाताई, तुमची पिशवी काढलीये ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? पिशवीचा ह्याच्याशी काय संबंध?" मी खरंच विचारलं. मला कळेचना.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग हळूच — ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच हिंदीत — "कौन सी थैली?"

"पित्त की थैली," मी म्हटलं. "खडे झाले होते ना."

डॉक्टरीण उठली, मला टेबलावर झोपवलं, पोटावरचा पदर बाजूला केला. दुर्बिणीचे व्रण बघितले. वर, बरगडीखाली. "हे मी त्या दिवशीच बघायला हवं होतं," म्हणाली. "चूक माझी आहे. मी तुमच्या शब्दावर गेले."

तिकडे, महाराष्ट्रात, बाई म्हणाली पिशवी काढलीये, तर ती एकच पिशवी. गर्भाची. दुसरा अर्थच नाही. आणि आमच्याकडे, ग्वाल्हेरात, इथली हिंदी पित्ताशयाला थैली म्हणते म्हणून आम्ही म्हणतो पिशवी. आणि त्या दुसरीला बच्चेदानी. मला वाटलं, पिशवी नाही म्हणून ती बरं म्हणतेय म्हणजे आता पित्ताचे खडे व्हायची भीती नाही — हार्मोनने खडे होतात असं कुठेतरी वाचलं होतं ना मी. शास्त्राची शिक्षिका! अर्थ लावून मोकळी झाले.

तिने समजावून सांगितलं. ज्यांना गर्भाशय आहे त्यांना एकटं इस्ट्रोजेन द्यायचं नाही. आतलं अस्तर वाढत जातं. त्याला आवर घालायला दुसरं हार्मोन बरोबर द्यावंच लागतं. मला ते दिलंच नाही, कारण कागदावर मला गर्भाशय नव्हतं. ते अस्तर वाढलं, आणि आता गळतंय.

"कॅन्सर?" मी म्हटलं.

ती खोटं बोलली नाही. "बहुतेक नसेल. पण पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर तपासल्याशिवाय कुणीही नाही म्हणू नये. औषध घेत असो वा नसो."

लगेच सोनोग्राफी. अस्तर जाड आहे. मंगळवारी तुकडा काढून तपासायला पाठवणार.


१२ एप्रिल

राग कुणावर काढू?

हिंदीत गेले असते त्या अम्मावाल्या बाईकडे, तर हे झालं नसतं. थैली म्हणाले असते, तिने विचारलं असतं कौन सी. मराठी डॉक्टर पाहिजे होती ना मला! आपल्या भाषेत सांगायचं होतं. आपली भाषा तिथेच उलटली. आम्ही दोघी एकच शब्द बोललो, दोघींना तो कळला, आणि दोघींना वेगवेगळा कळला.

मधुसूदनला हे सांगितलं तर तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "मला पाडव्याला सांगायचं नव्हतं का?" तो कधी चिडत नाही. आज चिडला. मी ऐकून घेतलं.


१५ एप्रिल

झालं. बारीक नळी आत घालून तुकडा घेतला. दुखलं — पाळीत दुखतं त्याहून जास्त, पण थोडाच वेळ. डॉक्टरीण सारखी मराठीत बोलत होती, मी तिला म्हटलं, आता काही महत्त्वाचं असेल ते हिंदीत सांगा. ती हसली. मग दोघी हसलो, टेबलावर तशा अवस्थेत! रिपोर्टला आठवडा लागेल.


१६ एप्रिल

ताई आली. डब्यात पुरणपोळी. पिशवीचा घोळ सांगितला, वाटलं हसेल. नाही हसली. "ही पिशवी असो की ती, औषधानेच झालं ना?" मी म्हटलं, अर्धं औषध दिलं म्हणून झालं, ताई. तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही.

मग विचारलं, नळी घालतात तेव्हा किती दुखतं? भूल देतात? पुरुष डॉक्टर असतो का तिथे? मी सांगितलं सगळं. ती पोळीवर तूप घालत राहिली. नको नको म्हणेपर्यंत घातलं. मला भरवून गेली. माझ्यामुळे हिचाही जीव टांगणीला लागलाय.


१९ एप्रिल

ऊन चढलंय. शाळेत नव्या वर्गाचे तास सुरू. शिकवते, पण मधेच कान फोनकडे.

सोनिका रोज झोपायला माझ्या खोलीत येते. मधुसूदन गादी घेऊन बाहेर गच्चीत. बोललं की जेवलीस का, पाणी प्यायलीस का. मला ओरडावंसं वाटतं — मी अजून आहे, माझ्याशी दुसरं काही बोला!


२१ एप्रिल

नाही आला.


२३ एप्रिल

डॉक्टरणीचा फोन. मी तासावर होते. वर्गातून बाहेर पळाले, मुली बघत राहिल्या.

"कैंसर नहीं है," आधी हिंदीत म्हणाली. मग मराठीत. "कॅन्सर नाही, शामलाताई." दोन्ही भाषांत, म्हणजे घोळ नको.

व्हरांड्यातच खाली बसले.

अस्तर वाढलंय, पेशी बिघडलेल्या नाहीत. आता काही महिने ते दुसरं हार्मोन, मग परत तपासणी. सगळं जागेवर आलं तर दोन्ही मिळून, नीट, हवं असेल तर. "मिळेल ना परत?" मी विचारलं. लाज वाटली नाही विचारायला. "मिळेल," म्हणाली. "पण ह्या वेळी आधी तुमचा सगळा इतिहास मी दोन भाषांत लिहून घेणार आहे."

वर्गात परतले. त्या मुलींना म्हटलं, आज काही शिकवत नाही, गप्पा मारा. त्यांनी टाळ्या वाजवल्या!


२४ एप्रिल

घरी सगळे हसतायत. मधुसूदनने कचोऱ्या आणल्या, सोनिकाने ऑफिस बुडवलं. ताईला काल फोनवर सांगितलं — ताई, काही नाही निघालं, सुटले मी. ती "बरं झालं" म्हणाली आणि फोन ठेवला. एवढंच! म्हटलं, हरली म्हणून रागावली असेल. आयुष्यभर तिचंच खरं व्हायचं, ह्या वेळी माझं झालं. जरा मजाही वाटली मला, खोटं कशाला बोलू.


२६ एप्रिल

ताई सकाळीच आली, एकटी. चप्पल काढली नाही. दारातच म्हणाली, "तुझ्या त्या डॉक्टरणीची वेळ घे. माझ्यासाठी."

मी विचारलं, काय झालं? म्हणाली, दिवाळीपासून जातंय. थांबतच नाही. कुणाला बोलले नाही. सुनेलासुद्धा नाही.

मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी तर कुठलं औषध घेतलंच नव्हतं गं, शामे."